रुमाल उचलल्यावर

"हिला सगळं कळतंय. फक्त सांगायचं न्हाई हिला... आता मी काय करू, पाया पडू?"

अर्पिता गोठ्याच्या दारातच थबकली. हातात चहाचा कप, पायात आईच्या स्लिपर, डोक्याला चपचपीत तेल. कुरकुर अगदी जवळून आली होती, गव्हाणीच्या पलीकडून, जेमतेम हातभर अंतरावरून. आणि ती आपल्याबद्दलच आहे याविषयी तिला अजिबात शंका नव्हती. जॉर्जियाहून सुट्टीला आल्यापासून या घरात दुसरा विषय होता कुठे?

"सांगायचं की नाही ते माझं मी ठरवीन," ती म्हणाली.

गव्हाणीमागून एक डोकं वर आलं. दोन दिवसांची दाढी, कपाळाला चिकटलेला कडब्याचा तुकडा, गळ्यात स्टेथोस्कोप.

"तुमच्याबद्दल न्हाई हो," तो म्हणाला. "ह्या गाईबद्दल बोलून राह्यलो मी."

गाईनं दोघांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. आदल्या रात्री तिनं बाजारात न्यायला भरून ठेवलेलं हिरव्या मिरचीचं पोतं फाडलं होतं. पिंपळगाव रेणुकाईत मिरची कुणाच्या दारात नसते? पण गाईंना ते सहसा कळतं. हिला कळलं नव्हतं, किंवा फार उशिरा कळलं होतं, आणि तेव्हापासून ती रुसून उभी होती.

"किती खाल्ल्या, कवा खाल्ल्या, कुठं जळजळ होती, काही सांगत न्हाई," डॉक्टर म्हणाला. "सांगितलं असतं तर आतापर्यंत भोकरदनला पोचलो असतो मी."

"मग कळतं कसं तुम्हाला?"

"हात लावून. कान गार लागला का गरम, पोट वाजतंय का न्हाई. दाबता दाबता जिथं ती कान मागं घेती, तिथं दुखतं असं समजायचं." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच का त्या... परदेशातल्या डॉक्टर?"

"अजून झाले नाही."

"मी झालोय. पण ढोरांचा. म्हणून मला कुणी हार घातला न्हाई."

"तुमचे पेशंट तक्रार तरी करत नाहीत."

"लाथ मारतेत. तीच तक्रार." तो हसला. हसताना त्याच्या कपाळावरचा कडबा पडला नाही, उलट जास्तच शोभला. "तुमचे काय करतेत?"

अर्पितानं चहाचा कप या हातातून त्या हातात घेतला.

"बोलतात," ती म्हणाली. "फार बोलतात."

आणि कप गव्हाणीच्या कडेवर ठेवून ती निघून गेली. तो चहा तिनं स्वतःसाठी आणला होता. अंगदनं – डॉक्टरचं नाव अंगद – तो आपल्यासाठीच आहे असं समजून पिऊन टाकला. हा चहा दिला की चोरला, यावर पुढे बराच वाद झाला.

·

खरं सांगायचं तर कुणीच खोटं बोललं नव्हतं. अडचण तीच होती.

जालन्यात मस्तगडला एका दुकानाच्या माडीवर, एसीच्या गारव्यात बसून एजंटानं तिच्या वडिलांना, मच्छिंद्ररावांना, सांगितलं होतं, "पुस्तकं इंग्रजीत, सर लोक इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. तिथल्या भाषेचं बिलकुल टेन्शन न्हाई, काका." आणि होतंही तसंच. हाडांची नावं इंग्रजीत होती, औषधांची इंग्रजीत होती. हॉस्टेलवर तर इंग्रजीही लागत नव्हती. तिथं लातूरच्या, बीडच्या, नांदेडच्या मुली, आणि रविवारी कोणाच्या तरी खोलीत पिठलं. जॉर्जियन भाषेचा एक पेपर असे. तो सगळ्या जणी पाठ करून सुटत आणि दुसऱ्या दिवशी विसरत.

मग तिसरं वर्ष संपता संपता त्यांना हॉस्पिटलात नेलं. पेशंटांनी एजंटाचं माहितीपत्रक वाचलेलं नव्हतं.

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिकडे आजीला बेबिया म्हणतात. तिनं अर्पिताचं मनगट धरलं आणि काहीतरी विचारलं. मग तेच सावकाश विचारलं. मग तेच मोठ्यानं, जसं आपण बहिऱ्या माणसाला विचारतो. अर्पिता हसली आणि तिला येणाऱ्या मोजक्या शब्दांतला सगळ्यात गोड शब्द म्हणाली, "कार्गी. कार्गी." म्हणजे छान, छान.

म्हातारीनं मनगट सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर दुसरंच कोणी होतं. गेली असेल घरी. बहुतेक घरीच. तिनं काय विचारलं होतं ते मात्र राहूनच गेलं. आणि आता सप्टेंबरपासून रोज तेच असणार होतं. रोज खाटा, रोज मनगटं.

घरात तिनं हे कुणाला सांगितलं नाही, आणि घरानंही विचारलं नाही. पप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "तिकडं सगळं इंग्रजीतच असतं." आई – पुष्पाबाई – कारळाची चटणी, ठेचा, कुरडया यांचे डबे भरत सुटली होती. अर्पिता गच्चीवर जाई, खाली येई, फाटकापर्यंत जाई, परत गच्चीवर. बॅग उघडी, अर्धी भरलेली, आल्या दिवसापासून तशीच. रात्री अंथरुणात पाय हलत राहायचा, बसल्या जागी बोटं चाळा करायची. आणि आई म्हणायची, "हवा बदलली ना, म्हणून."

हवा कुठली बदलायला? हवा इथलीच होती.

·

श्रावण लागला आणि गावानं तिचा सत्कार ठेवला. रेणुकाईच्या सभामंडपात शाल, नारळ, मिरचीच्या व्यापाऱ्यांतर्फे एक मोठा हार. तिनं अजून काहीच केलेलं नाही, हे ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा लोकांना तो विनय वाटला. मग माइक हातात आल्यावर सरपंच म्हणाले, "आता ताईंनी तिकडच्या भाषेत दोन शब्द बोलावेत. आमच्या कानावर पडू द्या."

सभामंडप शांत झाला. वर पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता. अर्पितानं माइक घेतला. आणि मग तोंडातून आपोआप, रोज सकाळी कानावर पडणारं, चालीसकट पाठ झालेलं ते बाहेर आलं:

"कारेबी इकेतेबा. शेमदेगी सदगुरी – अवलाबारी."

टाळ्या पडल्या. 'सदगुरी' ऐकून पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले. लोकांना आणखी हवं होतं, म्हणून तिनं तेच पुन्हा म्हटलं, जरा भाव घालून. पप्पा सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवत होते. पण ते तिच्या तोंडाकडे पाहत नव्हते. का कोण जाणे, त्यांची नजर तिच्या हातांवर होती.

प्रसादाच्या रांगेत अंगद तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"काय होतं ते?"

"भाषण."

"भाषण न्हाई. आमचे अप्पा बाजारात बैलाचे दात दाखवताना असंच बोलतेत. शब्द पाठ, ध्यान तिसरीकडं."

ती वळली. त्याची थट्टा डोळ्यांत होती, ओठांवर नव्हती. आणि काय झालं कुणास ठाऊक, पण आल्यापासून पहिल्यांदा तिला हसू फुटलं.

"मेट्रोतली सूचना आहे," ती हळूच म्हणाली. "दरवाजे बंद होत आहेत. पुढचं स्टेशन अमुक."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"दरवाजे बंद होत आहेत," त्यानं सावकाश म्हटलं. "अन् सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

तिनं शिऱ्याचा द्रोण घेतला आणि मागं-पुढं कोण आहे ते पाहिलं.

"कुणाला सांगू नका."

"माझे पेशंट मला काही सांगत न्हाईत, मी कुणाला काय सांगणार?" मग जरा थांबून – "पण तुम्ही मला 'अहो डॉक्टर' म्हणणं सोडलं तर जास्त गुपचूप राहीन."

"मग काय म्हणू?"

"अंगद म्हणा. गाय तर तेबी म्हणत न्हाई."

·

गाय बरी झाली, पण डॉक्टर येत राहिला. कधी तिच्या जिभेवरचे फोड बघायला, कधी दूध का कमी झालं ते विचारायला, कधी नुसताच 'इकडून चाल्लो होतो' म्हणून. पिंपळगाव कुठल्याही 'इकडून'च्या वाटेत येत नाही. पुष्पाबाई भाकरी थापता थापता भिंतीला सांगत, "गाय कवाच बरी झाली. डॉक्टरचं दुखणं काही उतरंना." पण चहा मात्र त्या दोन कप ठेवत.

अशातच एकदा मच्छिंद्ररावांनी दुसरी गाय बघायची म्हणून भोकरदनचा बाजार गाठला आणि पोरीला सोबत नेलं. "घरात येरझारा घालती, तिथं घाल," एवढंच म्हणाले.

पाऊस नुकता थांबला होता. चिखल, शेण, ओल्या कातड्याचा उबदार वास, घुंगरं, गुळाचा चहा. अंगद एका म्हशीचा खूर बघत होता. त्याचे वडील अप्पाराव बाजारातले जुने दलाल. खांद्यावर मोठा रुमाल, आणि तोंडात दिवसभर न संपणारी बडबड. पण मच्छिंद्ररावांना एका गाईपाशी उभं करून सौदा सुरू झाला तेव्हा अप्पा एकदम गप्प झाले. त्यांनी रुमाल हातावर पसरला. विकणाऱ्यानं त्याखाली हात घातला. रुमालाखाली काहीतरी हललं. विकणाऱ्यानं मान हलवली. पुन्हा हललं. कुणी एक अक्षर बोललं नाही.

"हे काय चाललंय?" अर्पितानं अंगदला विचारलं.

"भाव. बोटं धरून सांगतेत. आजूबाजूला दहा जण उभे असतेत, त्यांना कळायला नको."

अप्पांनी ते ऐकलं. "इकडं या डॉक्टरीणबाई, शिकवतो. रुमालाखाली काहीबी मागा, काहीबी नाकारा, कुणाची इज्जत जात न्हाई. न्हाई जमलं तर हात काढून घ्यायचा, बस. पण जमलं तर रुमाल उचलायचा अन् आकडा मोठ्यानं बोलायचा, चार माणसांत. बोलला न्हाई तवर सौदा पक्का न्हाई. मंग किती का बोटं दाबा."

त्या दिवशी सौदा जमला नाही. पप्पा आणि अप्पा आणखी गाई बघायला पुढे गेले. अंगद आणि अर्पिता चहाच्या टपरीच्या बाकावर बसले – मधे एका माणसाची जागा सोडून, जसं बसायचं असतं तसं. त्या रिकाम्या जागेत अंगदनं आपला टॉवेल ठेवला.

"अप्पांची परीक्षा देणार?" तो म्हणाला.

"कशाचा भाव करायचा?"

"भाव न्हाई. एक विचारतो. उत्तर बोटांनी द्यायचं, मी का-कसं विचारणार न्हाई." तो समोर बघत होता, एका पांढऱ्या बैलाकडे, जणू त्या बैलाशीच बोलत होता. "आज भीती किती?"

चहावाल्याचा स्टोव्ह भरभरत होता. तिचा हात टॉवेलखाली गेला. त्याचा हात खरखरीत होता, औषधाचा वास येणारा, आणि अगदी स्थिर. त्या स्थिरपणाचीच तिला गंमत वाटली... तिची बोटं कधी अशी थांबायची नाहीत. तिनं त्याची चार बोटं धरली.

"बरं," तो बैलाला म्हणाला.

"तुझी किती?" तिनं विचारलं. 'तुझी' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

त्यानं तिचं एकच बोट धरलं, करंगळी. "मला कशाची भीती? मी काय कुठं चाल्लोय?"

पण करंगळी सोडायला त्याला वेळ लागला.

·

मग ते रोजचंच झालं. गव्हाणीच्या कडेवर टॉवेल, आणि खाली 'आज किती?' कधी चार, कधी तीन. एकदा, पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं तेव्हा, नुसती दोन. ती त्याला म्हातारीबद्दल सांगून बसली, पप्पांबद्दल सांगून बसली. तो ऐकायचा. आणि त्याचं उत्तर मात्र वाढत होतं. एक बोट होतं, त्याची दोन झाली, मग तीन. ती विचारायची, "हे कशाचं?" तो म्हणायचा, "का-कसं विचारायचं न्हाई ठरलंय."

तिकीट पक्कं झालं त्या दिवशी तो जरा जास्तच हसरा होता. माणसं आतून हलली की अशी हसतात.

"तू उगा घाबरती," तो म्हणाला. "तुला समजतं सगळं. ह्या गाईला तू हात लावती तर ती कान बी हलवत न्हाई. भाषा नसली तरी माणसाला माणसाचं कळतंच की. आपण न्हाई का... बोटांवर..."

"नाही कळत."

"आं?"

"गाय कान मागं घेते, तेव्हा दुखतंय एवढं कळतं. किती दुखतं तेही कळेल. त्या बाईलाही बोटं होती, अंगद, मी विचारू शकले असते किती ते. पण तिला काही सांगायचं नव्हतं. तिला *विचारायचं* होतं. घरी कधी सोडणार, पोराला कळवलं का, मी मरणार का... काय माहीत काय. बोटं 'किती' सांगतात. 'काय' ते नाही सांगत."

गाय कडबा चघळत होती.

"अन् तूही तसलाच," ती म्हणाली. थांबायला हवं होतं, पण महिनाभर अडवून ठेवलेलं असं थांबत नाही. "तीन बोटं. चार बोटं. मी जाऊ की नको, एकदा तरी तोंडानं म्हणालास? पप्पा गप्प, आई डबे भरते, तू बोटं मोजतोस. सगळ्यांना सगळं कळतं. फक्त सांगायचं कुणालाच नाही."

अंगदनं टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला.

"बघू," तो म्हणाला. एवढंच. आणि त्याची मोटारसायकल चिखलात दोनदा घसरून फाटकाबाहेर गेली.

त्यानंतर तो 'इकडून' आला नाही.

ते दिवस फार वाईट गेले. गच्ची, फाटक, गच्ची. तिनं बॅग भरली आणि रिकामी केली. पुन्हा भरली. मोबाइल उलटा ठेवला, सुलटा केला. संध्याकाळी मिरचीचे टेम्पो भरून जात, हवेत ती नाकात चढणारी हिरवी तिखट झणझण, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मिरचीमुळंच, असं तिचं म्हणणं होतं. पुष्पाबाई भिंतीला म्हणाल्या, "दोन कप चहा ठेवायची सवय लागली मेली." आणि दुसरा कप त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

·

जायचा दिवस अगदी तोंडावर आला, तेव्हा मच्छिंद्रराव गाईचा राहिलेला सौदा करायला पुन्हा बाजारात निघाले. अर्पिता जीपमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी उतर म्हणालं नाही.

अंगद तिथंच होता. त्यानं तिला पाहिलं, आणि लगेच एका पांढऱ्या बैलाचा पाय उचलून त्यात डोकं घातलं.

गाईचा सौदा जमला. अप्पांनी रुमाल उचलला, आकडा मोठ्यानं बोलले, चार जणांनी ऐकला, चहा आला. सगळे टपरीच्या बाकावर टेकले. आता उठायचं. पण अप्पा उठेनात. त्यांनी अंगदच्या पाठीकडे पाहिलं, अर्पिताच्या पायाकडे पाहिलं, जो बाकाखाली हलायचा थांबत नव्हता, आणि घसा खाकरला.

"मच्छिंद्रराव, गाईचं झालं. आता दुसरं एक व्हतं... न्हाई म्हणलं तरी राग न्हाई." त्यांनी रुमाल पुन्हा हातावर पसरला. "हात द्या."

मच्छिंद्ररावांना कळलं. चहावाल्याला कळलं, त्यानं स्टोव्ह बारीक केला. बैलाच्या मालकालाही कळलं. अंगद बैलाच्या पायातून वर बघेना. मच्छिंद्ररावांनी पोरीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि हात हळूहळू पुढे केला.

अर्पितानं रुमाल उचलला.

"माझं रुमालाखाली काही ठरायचं नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "नियम तुमचाच आहे, अप्पा. रुमाल उचलला. आता बोला चार माणसांत."

अख्खी हयात बाजारात बोलण्यात घालवलेल्या अप्पांना एक शब्द सुचला नाही. पलीकडे कुठंतरी वासरू हंबरलं.

"बरं. मीच बोलते." तिनं रुमालाची घडी केली. पुन्हा उलगडली. "पप्पा, मला तिथली भाषा येत नाही."

आता काहीतरी कोसळेल असं तिला वाटलं. एक माणूस दोन शेळ्या घेऊन समोरून गेला.

"म्हणजे भाजी घेता येते, बस पकडता येते. पण आजारी माणूस काय म्हणतो ते कळत नाही. आणि आता तेच काम आहे, रोज. सत्काराला जे बोलले ना मी –"

"म्हाईत हाये," मच्छिंद्रराव म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"काय बोलली ते न्हाई म्हाईत. पण ते बोलताना तू ओढणीला पीळ घालत व्हतीस. खोटं सांगताना घालती. दुसरीत पाटी हरवली म्हणून सांगितलं तवाबी घातला व्हता."

"मंग बोलला कामून न्हाईत?" तिच्याही तोंडी गावचं आलं.

त्यांनी कप खाली ठेवला. मिरच्या तोडून तोडून पिवळसर पडलेली बोटं त्यांनी धोतरावर उगीचच पुसली.

"काय बोलू? तू म्हणायची सगळं इंग्रजीत हाये. म्या बी तेच म्हणून राह्यलो गावाला. म्हणता म्हणता मलाच बराबर वाटायला लागलं." ते जरा थांबले. "तुझ्या जिवाला नको असंल तर नको जाऊ, अर्पे. गावाला काय सांगायचं ते मी बघतो."

हेच वाक्य. हेच ऐकायला ती महिनाभर गच्ची आणि फाटक करत होती. दार उघडं होतं, कुणी ढकलत नव्हतं, कुणी धरत नव्हतं. आणि गंमत अशी, की दार उघडं मिळाल्यावर तिला पळायचंच नव्हतं. बाकाखाली तिचा पाय थांबला होता. ते तिला जरा उशिरानं कळलं.

"जाणार आहे मी," ती म्हणाली. "पण हॉस्टेलवर नाही राहणार. एखाद्या बेबियाच्या घरी खोली बघते. मीठ मागायचं तर तिच्या भाषेत, भांडायचं तरी तिच्या भाषेत. लहान पोरासारखं बोलीन, हसतील. हसू दे. एखादं वर्ष मागं पडले तर पडले."

"पड," मच्छिंद्रराव म्हणाले. "वर्साचं काय एवढं."

अप्पांना एव्हाना वाचा परत आली होती. ते बाकावर वळले.

"त्या बैलाच्या पायाला काही झालेलं न्हाई, डॉक्टर. सोड त्याला. जल्दी इकडं ये."

अंगदनं पाय सोडला. बैल मोकळा झाल्यासारखा दोन पावलं सरकला. अंगद चिखलाच्या हातांनी उभा राहिला आणि सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघायला लागला – वडील, मच्छिंद्रराव, चहावाला, बैलवाला. शेवटी तिच्याकडे. सवयीनं त्याचा हात थोडा पुढे आला.

अर्पितानं आपले हात पाठीमागे नेले.

"हात नाही," ती म्हणाली. "बोल."

"मी..." त्यानं हात पँटला पुसले. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. तिच्या कपाळावरच्या बटेत बारीक थेंब अडकले होते आणि त्याला दुसरीकडे बघता येईना. "गव्हाणीपाशी तू म्हणलीस ना, मी तोंडानं काही म्हणत न्हाई... बरोबर हाये ते. तू जाऊ नको, असं रोज वाटतं मला. पाचही बोटं. अन् तू जावं असंबी वाटतं, तीबी पाच. दोन्ही एका हातात मावत न्हाईत, म्हणून गप बसलो होतो."

बैलवाला चहा प्यायचा थांबला होता. अप्पांनी मान खाली घातली होती, पण कान वर होते.

"मला तू आवडतीस, अर्पिता," अंगद म्हणाला, भर बाजारात, पांढऱ्या बैलालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "जाऊन ये. मी इथंच हाये."